एकच ट्रामाडॉल, दोन सख्ख्या बहिणी

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला राहणाऱ्या एका वाचकाच्या आईचं (वय ६७) आणि मावशीचं (वय ६३) गुडघ्याचं सांधेरोपण दोन महिन्यांच्या अंतराने एकाच सर्जनकडे झालं. दुखण्यासाठी दोघींना पॅरासिटामॉलची सलाईन आणि ट्रामाडॉलची इंजेक्शनं होती. आईला ट्रामाडॉलचा जवळजवळ उपयोग झाला नाही. पहिली रात्रभर त्या रडत होत्या आणि नातेवाइकांना सांगण्यात आलं, "आजींची सहनशक्तीच कमी आहे." मावशीला मात्र तेवढ्याच औषधाने दिवसभर गुंगी आणि उलट्या. आईला रक्तदाबाची, थायरॉईडची आणि घाबरं होतं म्हणून पॅरॉक्सेटिनची गोळी कित्येक वर्षं सुरू आहे. मावशीला १२ वर्षांचा मधुमेह. आता वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि आईचा दुसरा गुडघाही पुढेमागे करावा लागणार आहे. हा सगळा जनुकांचा खेळ आहे का, आणि वडिलांची जनुकीय चाचणी आधीच करून घ्यावी का?

उत्तर

आधी आईंबद्दल. त्यांना दुखत होतं, आणि त्या सांगत होत्या तेवढंच दुखत होतं. हे पहिल्यांदा लिहिते, कारण तुमच्या पत्रात चाचणीबद्दल चार ओळी आहेत आणि त्या एका वाक्याबद्दल एकच, पण ते वाक्य तुमच्या घरात अजून सलत असणार.

पुण्यात मी २६ वर्षं भूल देते आहे. रात्री दोन वाजता वॉर्डातून फोन येतो: "मॅडम, पेशंट फार आरडाओरडा करतायत, ट्रामाडॉल देऊन झालंय." अशा वेळी आता माझा पहिला प्रश्न असतो, घरच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? हे मला उशिरा कळलं. शिकाऊ असताना एका रुग्णालयात हाताच्या हाडाला प्लेट बसवलेला २२-२३ वर्षांचा मुलगा होता. ट्रामाडॉलचे दोन डोस झाले तरी तो कळवळत होता. आम्हाला वाटलं, याला इंजेक्शनची चटक लागलेली दिसते. त्याची आई पायाशी बसून म्हणत होती, "याच्या मोठ्या भावालाही हे औषध लागू पडलं नव्हतं." आमच्यापैकी कुणीही ते केसपेपरवर लिहिलं नाही. पहाटे वरिष्ठ आले, त्यांनी मॉर्फिन थोडं थोडं करून दिलं आणि वीस मिनिटांत मुलगा झोपला. त्याची जनुकं कुणी तपासली नाहीत, त्यामुळे कारण जनुकीयच होतं असं मी म्हणणार नाही. पण दोन भावांना एकच औषध लागू पडत नाही हे त्या माऊलीने आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही ते ऐकलं नाही याची मला आजही खंत आहे.

आता मूळ मुद्दा. ट्रामाडॉल हे अर्धवट तयार औषध आहे. गहू आणि पिठात जो फरक, तोच. गव्हाचं पीठ गिरणीत होतं, ट्रामाडॉलचं यकृतात. तिथे सीवायपी २डी६ नावाचं एक विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) आहे. ते ट्रामाडॉलचं रूप बदलून एम१ नावाचा पदार्थ तयार करतं, आणि मेंदू-मज्जारज्जूतल्या ज्या ग्राहकांवर अफूवर्गीय (मॉर्फिनसारखी) औषधं काम करतात, त्यांना घट्ट चिकटतो तो हा एम१. मूळ ट्रामाडॉलपेक्षा त्याची पकड शेकडो पटींनी जास्त असते. मूळ ट्रामाडॉलही अगदीच निकामी नसतं. ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं मज्जातंतूंच्या टोकाशी जास्त वेळ टिकवून ठेवतं आणि त्या वाटेने थोडं दुखणं कमी करतं. म्हणजे गिरणी पूर्ण बंद असली तरी माणूस अगदी उपाशी राहत नाही, पण पोटही भरत नाही. कोडीन या दुसऱ्या अफूवर्गीय औषधाची स्थिती याहून अवघड. त्याचा साधारण दहावा हिस्सा याच विकरामुळे मॉर्फिनमध्ये बदलतो आणि वेदनाशमनाची भिस्त बहुतांशी त्या मॉर्फिनवर असते. गिरणी बंद, तर कोडीन घेऊन न घेतल्यासारखं.

ही गिरणी प्रत्येकाची वेगळी असते, हे कळण्याची कथा मला फार आवडते. १९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे औषधशास्त्रज्ञ डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधावर काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःच एक डोस घेतला. बाकीच्यांना फारसं काही झालं नाही. स्मिथ यांना मात्र घेरी आली आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरला. त्यांच्या शरीरात ते औषध मोडतच नव्हतं. त्यातून १९७७ चा शोधनिबंध आला आणि पुढे याच विकराचं जनुक २२व्या गुणसूत्रावर सापडलं. आज या एका जनुकाची शंभराहून अधिक रूपं माहीत आहेत, आणि नेहमीच्या वापरातल्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या औषधांशी त्याचा संबंध येतो.

या रूपांवरून माणसांचे ढोबळ चार गट पाडतात: गिरणी बंद असलेले, मंद चालणारे, नेहमीसारखे आणि अतिवेगवान. अतिवेगवान लोकांमध्ये त्या जनुकाच्या दोनऐवजी तीन किंवा जास्त प्रती असतात, म्हणजे एकाच घरात जादा गिरण्या. युरोपीय वंशाच्या लोकांत ५ ते १० टक्क्यांची गिरणी बंद असते. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे, पण मंद गिरणीवाले बऱ्यापैकी आहेत. इथिओपियात आणि अरबस्तानात अतिवेगवान लोक लक्षणीय संख्येने सापडतात.

पण याचा परिणाम प्रत्यक्ष ऑपरेशननंतर किती दिसतो? जर्मनीत २००३ साली पोटाच्या ऑपरेशनच्या ३०० रुग्णांवर झालेला अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. गिरणी बंद असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांना ट्रामाडॉलने पुरेसा आराम पडला नाही. आणि गिरणी व्यवस्थित चालणाऱ्यांपैकी? सुमारे २२ टक्के. विद्यार्थी पहिल्या आकड्यावर थांबतात. मी त्यांना दुसऱ्याकडे बघायला लावते. जनुक चांगलं असूनही पाचातल्या एकाला आराम नव्हता, आणि जनुक 'खराब' असूनही निम्म्याहून जास्त लोकांचं भागलं. जनुक पारडं झुकवतं, निकाल एकटं देत नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत तर मला जनुकापेक्षा गोळीवर जास्त संशय आहे. पॅरॉक्सेटिन. ही गोळी सीवायपी २डी६ ला अतिशय जोरकसपणे अडवते. गिरणी उत्तम आहे, पट्टा फिरतोय, पण दारात दुसऱ्याच कुणाची गाडी आडवी लावलेली आहे आणि तुमचा डबा आत जाऊच शकत नाही, असं समजा. रोज ही गोळी घेणारी, जन्मतः नेहमीसारखी गिरणी असलेली व्यक्ती प्रत्यक्षात गिरणी बंद असल्यासारखी वागू शकते. निरोगी स्वयंसेवकांना आधी पॅरॉक्सेटिन आणि मग ट्रामाडॉल देऊन पाहिलं गेलं आहे. त्यांच्यात वेदनाशमन कमी झालं. फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन या उदासपणावरच्या गोळ्याही असंच जोरात अडवतात. नखांच्या बुरशीसाठी महिनोन्महिने देतात ती टर्बिनाफिनची गोळी याच यादीत आहे, आणि तिची आठवण तर कुणालाच राहत नाही.

म्हणजे तुम्ही ऑपरेशनआधी आईंची जनुकीय चाचणी केली असती, तर रिपोर्टवर कदाचित 'नॉर्मल' छापून आलं असतं, सगळे निर्धास्त झाले असते आणि ती रात्र तशीच गेली असती. जनुकाचा रिपोर्ट गिरणीची बांधणी सांगतो. दारात कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. ते घरच्या गोळ्यांच्या डबीत दिसतं.

याच जोडीत आणखी एक धोका आहे आणि तो दुखण्यापेक्षा गंभीर आहे. ट्रामाडॉल आणि पॅरॉक्सेटिन दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. डोस चढत गेला तर अस्वस्थपणा, थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण असा प्रकार होऊ शकतो आणि झटके येण्याचा धोकाही वाढतो. आईंना आराम पडत नाही म्हणून रात्री ट्रामाडॉलच वाढवत नेलं असतं, तर उपयोग थोडा आणि अपाय मोठा झाला असता. गिरणी फारशी न अडवणाऱ्या अशाच इतर गोळ्यांसोबतही, उदाहरणार्थ एस्सिटालोप्रॅम, ही सेरोटोनिनची काळजी उरतेच. पण म्हणून कुणीही पॅरॉक्सेटिन आपल्या मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवली की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं आणि प्रचंड बेचैनी होते. ऑपरेशनच्या तोंडावर तर मुळीच नको.

आता मावशी. सख्खी बहीण असूनही उलटंच कसं? सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात. आईवडिलांकडे प्रत्येकी दोन प्रती असतात, त्यातली कोणती कुणाच्या वाट्याला येईल ते वेगवेगळं. त्यामुळे एका बहिणीची गिरणी मंद आणि दुसरीची वेगवान, हे सहज होऊ शकतं. मावशी अतिवेगवान गटात असतील तर नेहमीच्या डोसमधूनही त्यांच्या रक्तात एम१ भराभर तयार झालं असेल, आणि गुंगी, मळमळ, मंद श्वास ही त्याचीच लक्षणं.

पण इथेही मी आधी साध्या गोष्टी विचारेन. १२ वर्षांच्या मधुमेहानंतर मूत्रपिंड कसं आहे? एम१ लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड कमी काम करत असेल (रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं असेल) तर एम१ साचत जातं. गुडघ्याच्या ऑपरेशनला बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्री प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी देतात. साठीनंतर तिची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही आणि ट्रामाडॉलबरोबर ती दुप्पट जाणवते. मांडीत नसेचा ब्लॉक (नसेभोवती बधिरतेचं औषध) दिला असेल, तर तो मावशींना छान लागला होता का? दुखणं हे माणसाला जागं ठेवणारं आणि श्वास चालू ठेवणारं असतं. ब्लॉकने दुखणं गेलं आणि वरून घड्याळाकडे बघून ट्रामाडॉल जात राहिलं, तर औषधाची गुंगी तेवढी उरते. आणि उलट्यांसाठी माझा ठरलेला प्रश्न: ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना गाडी लागते का? हसू नका. बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय औषध मिळणं या चार गोष्टींवरून आम्ही उलट्यांचा अंदाज बांधतो. चारही असतील तर शक्यता सुमारे ८० टक्के. आपल्याकडच्या कितीतरी काकू-मावश्या या चारही खुणांत बसतात. तरीही अनेकींना उलट्या सुरू झाल्यावरच औषध मिळतं. ते आधी द्यायला हवं.

उलटीच्या औषधाचाही एक पेच आहे. ट्रामाडॉलच्या जोडीला सर्रास ओंडानसेट्रॉन दिलं जातं. ट्रामाडॉल दुखणं कमी करण्यासाठी सेरोटोनिनची जी वाट वापरतं, तीच वाट हे औषध काही अंशी बंद करतं. दोन्ही एकत्र दिल्यावर ट्रामाडॉल जास्त लागल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय अतिवेगवान गटातल्या लोकांत ओंडानसेट्रॉनच लवकर मोडून जातं. मावशींना उलटीचं औषध देऊनही उलट्या थांबल्या नसतील, तर हा एक धागा जनुकांकडे बोट दाखवतो.

अफूवर्गीय औषधांना शरीर कसं उत्तर देतं यात आनुवंशिकतेचा वाटा किती, हे जुळ्यांवरच्या अभ्यासांतून पाहिलं गेलं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अशा एका अभ्यासात अल्फेंटॅनिल हे औषध देऊन १२१ जुळ्या जोड्या तपासल्या. मळमळीत आनुवंशिकतेचा वाटा ५९ टक्के निघाला, श्वास मंदावण्यात ३० टक्के. मला यातली मळमळ महत्त्वाची वाटते. आपण 'कुणाला सोसतं, कुणाला नाही' म्हणतो, त्यातलं बरंच काही खरोखर रक्तातून आलेलं असतं.

सीवायपी २डी६ शिवाय दुसरी जनुकंही चर्चेत असतात. ओपीआरएम१ हे जनुक अफूवर्गीय औषधं जिथे चिकटतात तो ग्राहक घडवतं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळे मॉर्फिन थोडं जास्त लागतं असं दिसतं, आणि तो बदल भारतीय आणि पूर्व आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. सीओएमटी हे जनुक अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं मोडणारं विकर बनवतं आणि दुखण्याच्या जाणिवेशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. पण या दोन्हींचा परिणाम इतका लहान आणि अभ्यासांचे निकाल इतके मागेपुढे आहेत की, जनुकांवरून औषध ठरवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय गटानेही त्यांच्या आधारे डोस बदलायला सांगितलेलं नाही. कोडीन आणि ट्रामाडॉलबद्दल मात्र सूचना स्पष्ट आहे: गिरणी बंद किंवा अतिवेगवान असेल तर ही दोन औषधं टाळा. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीत रिपोर्टमध्ये 'तुमची वेदना-संवेदनशीलता: उच्च' अशा पट्ट्या असतात. त्यांच्यावर मी तरी औषध ठरवत नाही.

एकाच जनुकाने दुखणं पूर्ण पुसलं जाऊ शकतं, हेही खरं आहे. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यातला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवर चालून आणि हातात सुरे खुपसून खेळ दाखवायचा. त्याला दुखतच नव्हतं. चौदावा वाढदिवस येण्याआधीच छतावरून उडी मारून तो गेला. त्या कुटुंबांत एससीएन९ए हे जनुक निकामी होतं. हे जनुक वेदनेचा संदेश नेणाऱ्या नसांमधला सोडियमचा दरवाजा बनवतं. अशा दरवाज्यांवरच्या संशोधनातूनच, त्याच्या भावकीतला दुसरा दरवाजा बंद करणारं सुझेट्रिजिन हे अफूवर्गात न मोडणारं औषध तयार झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दुखणं 'मनाचं' म्हणून झटकणाऱ्यांना मी या मुलाची गोष्ट सांगते. जे जनुक बिघडलं तर वेदना नाहीशी होते, त्याच्या छोट्या फरकांनी ती कमीजास्त होत असेल यात नवल ते काय?

तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळीकडे ट्रामाडॉलच का, हेही सांगायला हवं. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायचं म्हणजे परवाने, नोंदवह्या, कपाटाच्या किल्ल्या. २०१४ च्या दुरुस्तीने नियम बरेच सोपे केले, तरी छोट्या नर्सिंग होममध्ये ती भीती मुरलेली आहे. ट्रामाडॉलला २०१८ पर्यंत हा कायदा लागू नव्हता, म्हणून ते प्रत्येक वॉर्डच्या ट्रॉलीवर आलं आणि सवयीने तिथेच राहिलं. मॉर्फिन किंवा फेंटॅनिलला या गिरणीची गरजच नाही. टॅपेंटॅडॉल हे दुखण्याचं औषधही मूळ रूपातच काम करतं, त्याचं दळण लागत नाही. आईंसाठी त्या रात्री मॉर्फिन किंवा फेंटॅनिल थोडं थोडं, श्वासावर नजर ठेवून, देता आलं असतं. टॅपेंटॅडॉल त्यांच्या बाबतीत मी जपूनच वापरलं असतं, कारण पॅरॉक्सेटिनबरोबर सेरोटोनिनची काळजी तिथेही आहे. आणि सगळ्यात आधी, नसेचा ब्लॉक दिला असता. दोन सेंटिमीटर खोल असलेल्या नसेभोवती बधिरतेचं औषध सोडलं की यकृत काय करतं हा प्रश्नच उरत नाही.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेल्या दोन वर्षांच्या एका धडधाकट मुलाच्या मृत्यूची हकिकत २००९ साली प्रसिद्ध झाली. तो अतिवेगवान गटातला होता, कोडीनचं मॉर्फिन भराभर झालं आणि श्वास थांबला. अशा घटनांनंतर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना दुखण्यासाठी कोडीन आणि ट्रामाडॉल दोन्ही देऊ नये असं सांगितलं. टॉन्सिलमुळे घोरणारी, झोपेत श्वास अडकणारी मुलं या औषधांना आधीच जास्त हळवी असतात. आपल्याकडे कोडीन खोकल्याच्या औषधांतून घरात येतं. मोठ्यांसाठी आणलेल्या बाटलीतलं अर्धा चमचा नातवाला देणं नको.

चाचणी कधी करावी? ज्यांना कोडीन-ट्रामाडॉलचा वारंवार उपयोग झाला नाही आणि आड येणारी दुसरी कोणतीही गोळी चालू नाही, किंवा छोट्याशा डोसने श्वास मंदावण्याइतकी गुंगी आली, किंवा ज्यांची एकामागून एक ऑपरेशनं होणार आहेत, त्यांना मी करायला सांगते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या आणि मनाच्या आजाराची औषधं घेणाऱ्यांच्या डॉक्टरांनाही हाच रिपोर्ट उपयोगी पडू शकतो. जनुक बदलत नाही, त्यामुळे एकदा केलेली चाचणी जन्मभर पुरते. लॅबला एवढंच विचारा, "जनुकाच्या प्रती मोजता का?" या जनुकाच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं एक निकामी जनुक बसलेलं आहे आणि जादा प्रती साध्या चाचणीत निसटतात. प्रती मोजल्याच नसतील तर अतिवेगवान माणूस रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' ठरतो. मावशींची चाचणी करायला माझी हरकत नाही, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून झाल्यावर.

वडिलांची मात्र मी आत्ता करणार नाही. आईंना आणि मावशींना काय झालं याचा वडिलांच्या जनुकांशी काहीच संबंध नाही, ते त्या रक्ताचे नाहीत. तुमचा स्वतःचा आहे, अर्धा. वडिलांचे भाऊ-बहीण, आजी-आजोबा यांची माहिती जास्त कामाची. आम्ही भूलतज्ज्ञ हे फार आधीपासून करत आलो आहोत. स्कोलीन नावाचं स्नायू सैल करणारं इंजेक्शन काही मिनिटांत उतरतं. काही कुटुंबांत ते मोडणारं विकरच कमी असतं आणि माणूस तासन् तास स्वतः श्वास घेऊ शकत नाही. वर्नर कॅलो यांनी १९५० च्या दशकात हे आनुवंशिक असल्याचं दाखवलं आणि दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात हा दोष जास्त आढळल्याची नोंद आहे. म्हणून 'घरात कुणाला भुलीतून उठायला उशीर झाला होता का' हा प्रश्न आमच्या तोंडात बसलेला आहे. जनुकीय चाचणीच ती, फक्त तोंडी.

हर्नियाच्या ऑपरेशनला अफूवर्गीय औषध बहुधा फारसं लागतच नाही. पाठीतलं इंजेक्शन किंवा पूर्ण भूल, सोबत पोटाच्या भिंतीतला ब्लॉक किंवा सर्जननी जखमेत सोडलेलं बधिरतेचं औषध, वेळेवर पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड-जठर ठीक असेल तर दोन-तीन दिवस सुजेची गोळी, एवढ्यावर बहुतेकांचं निभावतं. तपासणीला जाल तेव्हा भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा: आधी कधी कोणतं दुखण्याचं औषध दिलं होतं आणि काय झालं, खोकल्याच्या औषधाने खूप गुंगी येते का, रात्री घोरतात का, लघवीला अडखळतं का. हा शेवटचा प्रश्न पुरुष विसरतात किंवा लाजतात, आणि मग पाठीतल्या इंजेक्शननंतर ट्रामाडॉल मिळालं की लघवी तुंबते आणि नळी घालावी लागते.

आईंच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना दोन महिने आधीच भेटा. पॅरॉक्सेटिन चालू ठेवायचं की हळूहळू बदलायचं ते त्यांना ठरवू दे. बदललं नाही तरी अडत नाही, भूलतज्ज्ञांना माहीत असलं म्हणजे झालं. एक्स-रेच्या पाकिटात एक कागद ठेवा, मराठीत लिहिला तरी चालेल: "पॅरॉक्सेटिन रोज घेते. मागच्या वेळी ट्रामाडॉलने आराम पडला नाही, रात्रभर दुखलं. कृपया ट्रामाडॉल देऊ नये. ब्लॉक आणि दुसऱ्या औषधाबद्दल आधी बोलावं." ऑपरेशनच्या दिवशी हा कागद ऑपरेशन थिएटरमध्ये नेणाऱ्या मुलाच्या हाती न देता भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, आणि त्याची एक प्रत रात्रपाळीच्या सिस्टरला.